पबला गुत्ता म्हणावं का?

प्रश्न असा आहे : ‘एडिंबरातल्या जुन्या पबांवर मराठीत लेख लिहिते आहे. पबला गुत्ता म्हटलं तर चालेल का? की मद्यालय बरं? तिथल्या पाट्यांवर कुठे इन, कुठे टॅव्हर्न, कुठे बार असतं, त्यांत फरक करावा का? आणि नावांचं भाषांतर करावं का?’

गुत्ता नको. शब्द हलका आहे म्हणून नव्हे, तो वेगळीच गोष्ट सांगतो म्हणून. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदार म्हणतात आणि त्यात दारूचा काही संबंध नसतो. दारू विकण्याचा मक्ता ज्याने घेतला त्याचं दुकान तो दारूचा गुत्ता, आणि पुढे नुसता गुत्ता. उत्तरेकडे दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात तेही याच वाटेने. म्हणजे आपल्या शब्दाने त्या जागेकडे वसुलीच्या बाजूने पाहिलं. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चं आखूड रूप. परवाना तिथेही लागतोच, पण शब्दात राहिलं ते घर, चार लोकांना खुलं असलेलं. मद्यालय कागदोपत्री शोभेल, बोलताना कोणी म्हणणार नाही. पानगृह म्हटलं तर विड्याचं पान आठवतं.

तेव्हा ‘पब’च ठेवा. फक्त एक अडचण ध्यानात घ्या. हा शब्द मराठीत आला तो पुण्या-मुंबईच्या पबांबरोबर : अंधार, डीजे, नाच, मध्यरात्र. एडिंबराच्या रोज स्ट्रीटवरचा १९०२ सालचा ‘ॲबट्सफर्ड’ डोळ्यांपुढे आणा. खोलीच्या मधोमध कोरीव लाकडाचा भलाथोरला बार, त्याला टेकून उभी असलेली माणसं, दुपारचं सूप, कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. आपल्या वाचकाच्या मनातला पब हा नव्हे. लेखाच्या सुरुवातीलाच असं एखादं चित्र उभं करा, म्हणजे शब्द आपोआप ताळ्यावर येईल. कंसातल्या खुलाशापेक्षा हे कधीही चांगलं. अनेकवचन मात्र ‘पब्ज’ नको. एक पब, चार पब, आणि ‘पबांत’. जुनी मंडळी ‘क्लबात’ लिहीत, तसंच.

इन, टॅव्हर्न, बार हा फरक आज पाटीपुरता उरला आहे. नावात ‘इन’ असलं तरी राहायला खोली मिळेलच असं नाही. पण इतिहास सांगताना फरक करा. ‘इन’साठी आपल्याकडे सराई हा नेमका शब्द आहे : वाटसरू, त्याचा घोडा, रात्रीचा मुक्काम. ग्रासमार्केटमधलं ‘व्हाइट हार्ट इन’ १५१६ सालचं असल्याचं सांगतात. रॉबर्ट बर्न्स १७९१ मध्ये तिथे उतरला होता. ग्रासमार्केट हा शहराचा गुरांचा बाजार, त्यामुळे सराई तिथेच असणार. टॅव्हर्नचं मूळ लॅटिन ‘ताबेर्ना’, म्हणजे झोपडी किंवा दुकान. तोच शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला आणि तिथल्या तावेर्नांच्या रूपाने अजून नांदतो आहे. गोव्याच्या वाचकाला टॅव्हर्न समजावून सांगायची गरजच नाही.

तुम्ही विचारला नाहीत, पण लेखात हमखास लागेल असा स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीतला एक शब्द म्हणजे ‘हाउफ’. नेहमीची बसायची-भेटायची जागा. अड्डा जवळचा आहे, पण जुगारामुळे डागाळलेला. ‘गप्पांचा अड्डा’ असं पूर्ण लिहिलं तर तो डाग पुसला जातो. मला कट्टा जास्त आवडतो. शिवाय मराठीत ‘आज बसायचं का?’ एवढ्यावर सगळं कळतं, दारूचं नावही घ्यावं लागत नाही. हाउफमध्ये हीच बैठकीची भावना आहे, मग माणूस बारला टेकून उभा का असेना.

आता नावं. मूळ नाव तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगावा, हे माझं मत. पण अर्थ सांगताना मराठीकडे काय काय आहे ते पाहा. ग्रासमार्केटमध्ये १७८४ पर्यंत जाहीर फाशी होत असे आणि तिथल्या एका पबचं नाव आहे ‘द लास्ट ड्रॉप’. दारूचा शेवटचा थेंब आणि फासावरून शेवटचं खाली पडणं, दोन्ही एकाच शब्दात. ‘शेवटचा थेंब’ लिहिलंत तर फाशी निसटते. ‘शेवटचा घोट’ लिहा. पिण्याचा घोट आहेच, आणि मागे ‘गळा घोटणे’ उभं आहे. असा योग भाषांतरात क्वचित येतो.

शेजारीच ‘मॅगी डिक्सन्स’ आहे. या बाईला १७२४ मध्ये फाशी दिली आणि पुरायला नेताना ती शुद्धीवर आली. पुढे कित्येक वर्षं जगली. लोक तिला ‘हाफ-हँगिट मॅगी’ म्हणत. नवा समास घडवू नका. ‘अर्धमेली मॅगी’ आपल्याकडे तयार आहे. ‘डीकन ब्रोडीज टॅव्हर्न’मधला डीकन मात्र चर्चचा नव्हे. विल्यम ब्रोडी सुतारांच्या संघाचा प्रमुख होता, दिवसा प्रतिष्ठित आणि रात्री घरफोड्या. १७८८ मध्ये तो फासावर गेला. इथे ‘धर्मसेवक’ लिहिणं ही सरळ चूक ठरेल.

एडिंबरातल्याच डडिंग्स्टन भागातलं ‘शीप हीड इन’ थेट १३६० पासून असल्याचं सांगतात. ‘हीड’ म्हणजे ‘हेड’चा स्कॉट्स उच्चार. ‘मेंढ्याचं मस्तक’ लिहिलंत की त्या बोलीची चव गेली. मेंढ्याची मुंडी म्हणा. खाटकाकडे आपण मुंडीच मागतो, आणि इथेही नावाचा संबंध मुंडी शिजवून खाण्याशीच जोडतात.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर ‘ऑयस्टर’ला ‘शिंपले’ लिहू नका, कालवं लिहा. कोकणात रोजचा शब्द आहे. अठराव्या शतकात एडिंबराच्या तळघरांत गरीब-श्रीमंत एकत्र बसून कालवं खात. ती फोर्थच्या खाडीतली. उपसा इतका झाला की पुढे तिथली कालवंच संपली. ‘कॅफे रॉयल’मध्ये १८६३ पासूनच्या त्या इमारतीत कालवांचा बार अजून आहे, आणि भिंतीवर डोल्टन कंपनीच्या रंगीत फरशांत जेम्स वॅट, फॅरडे अशी शोधकांची चित्रं.

‘ड्रॅम’ला काय म्हणावं, हेही ओघाने येईल. औषधी वजनाचं हे माप व्हिस्कीच्या घोटाचं नाव झालं. आपल्याकडेही तेच झालं आहे : नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, पण ‘नवटाक मारली’ म्हटलं की काय मारली ते सांगावं लागत नाही. पावशेरचंही तसंच. तरी मी ‘ड्रॅम’च ठेवीन, कारण तो परका नाही. मूळ ग्रीक ‘द्राख्मे’. त्याचंच आपल्याकडे द्रम्म हे नाणं झालं, जे शिलाहार-यादवांच्या कोरीव लेखांत भेटतं, आणि द्रम्माचा दाम. ‘दाम मोजला’ म्हणतो तेव्हा आपण ड्रॅमचाच चुलतभाऊ उच्चारत असतो.

एक शेवटचा शब्द, ‘लकी’. जुन्या एडिंबरात दारूचं दुकान चालवणाऱ्या बायकांच्या नावाआधी तो लावत. ‘लकी मिडलमिस्ट’ ही त्यांतली एक, कवी फर्ग्युसनच्या ओळींत ती आहे. हे विशेषण नव्हे आणि नशिबाशी त्याचा संबंध जोडू नका. वयस्क बाईला, आजीलाही, आपुलकीने हाक मारायचा शब्द आहे. ‘भाग्यवान मिडलमिस्ट’ असं चुकूनही लिहू नका. मावशी चालेल. पण दारूबंदीच्या काळातल्या मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक ज्या नावाने हाक मारी, तो शब्द इथे हुबेहूब बसतो : आंटी.