चौघांचे चार सल्ले, ऐकायचं कुणाचं?

ताई, आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मुलगा चार वर्षांचा, वजन १४ किलो. गेल्या आठवड्यात त्याला जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, दूध-जेवण बंद, नुसती पेज दे. शेजारणीने ओआरएस (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) म्हणून तयार गोड पेयाचा डबा आणून दिला. ह्यांनी ग्रुपवर आलेला डाळिंबाच्या सालीचा व्हिडिओ दाखवला आणि मेडिकलवाल्याने जुलाब थांबवायची गोळी दिली. मी कुणाचंच धड ऐकलं नाही, तर सगळेच रुसले. सासूबाईंनी अजून अबोला धरलाय. साध्यासुध्या दुखण्यात विश्वास कुणावर ठेवायचा?
– एक वाचक, नाशिक

सल्ला देणारं माणूस कितीही जवळचं असो, आधी तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या वयाला, किती वजनाला चालतं? किती आणि किती वेळा द्यायचं? काय दिसलं की घरचं थांबवून डॉक्टरांकडे जायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फॉरवर्डमध्ये जवळजवळ कधीच नसतं. ते नसेल तर तो सल्ला लहान मुलावर वापरू नका.

आता तुमच्याकडचे चारही सल्ले या कसोटीवर लावून बघा. सासूबाईंची पेज उत्तमच आहे, चुकलं ते बाकी जेवण बंद करणं. जुलाबात आतड्याचं अस्तर झिजतं आणि ते भरून यायला अन्नच लागतं. मऊ भात, वरण, केळं, दही, नेहमीचं दूध चालू ठेवायचं. शेजारणीच्या पेयात साखर जास्त असते. ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. डाळिंबाच्या सालीच्या व्हिडिओत किती साल, किती वजनाच्या मुलाला, हे सांगितलं होतं का? नसेल तर तो विषय तिथेच संपला. आणि गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, जंतू आत अडकतात, पोट फुगतं. लहान मुलाला ती द्यायचीच नाही.

द्यायचं काय, तर मेडिकलमधून किंवा आशाताईंकडून मिळणारं ओआरएसचं पाकीट. मोठं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर वाचून तेवढंच पाणी घ्या, उकळून गार केलेलं. सगळ्यात जास्त चूक इथे होते: मोठं पाकीट अर्धं-मुर्धं अंदाजाने ग्लासात ओततात. द्रावण खारट झालं तर अंगातलं मीठ धोकादायक वाढतं, पातळ झालं तर गेलेलं मीठ भरून निघत नाही. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर तुमच्या मुलाला १०० ते २०० मिली, घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस.

विष्ठेत रक्त, पाणीही पोटात न टिकणं, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडणं: यातलं एकही दिसलं तर सल्ला विचारत बसू नका, थेट दवाखाना. रात्र असेल, गाडी नसेल तर १०८.

तापाच्या औषधाचंही असंच. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला एका वेळी १४० ते २१०. पण सिरपच्या एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. ‘एक चमचा दे’ म्हणणाऱ्याला तुमच्या हातात कुठली बाटली आहे हे माहीत नसतं. बाटलीवर वाचा, स्टीलच्या चमच्याऐवजी सोबतच्या मापाने द्या, दोन डोसांत किमान चार तास ठेवा आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नको. पावसाळ्यानंतर नाशिकमध्ये डेंग्यू असतोच, म्हणून तापात अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने नको, रक्तस्राव वाढू शकतो. आणि घशाला मध सासूबाई देत असतील तर देऊ द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कधीच नाही.

विचारायचं असेल तर १०४ वर फोन करा. हा राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ल्याचा नंबर आहे. जवळचा महापालिकेचा दवाखाना आणि आशाताई आहेतच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बघायला संकोच करू नका. मेडिकलमध्ये काउंटरवरच्या पोऱ्याला न विचारता फार्मासिस्टला विचारा, आणि पाकिटावर लाल उभी रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. वाचायचंच असेल तर इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची पालकांसाठीची माहिती नेटवर मोफत आहे. ज्या व्हिडिओच्या शेवटी काहीतरी विकत घ्यायची लिंक येते, तो आपला नाही.

सासूबाईंचं काय? त्यांना चूक दाखवायला जाऊ नका. ‘आई, पेज तुमचीच, तुम्हीच करा. फक्त ओआरएसचं पाणी मोजून द्यायचं आहे, एक लिटरची बाटली तुमच्याकडे ठेवू का?’ असं विचारा. नातवाच्या दुखण्यात आपल्याला बाजूला सारलं, हेच त्यांना लागलं असणार. आणि तुमच्या ह्यांना सांगा, पुढचा व्हिडिओ दाखवण्याआधी ते तीन प्रश्न स्वतःच विचारून बघा.