मावशी, कर्ज काढणं पाप आहे का?

सलाम गं पोरी,

पत्र दोनदा वाचलं. कळव्याहून लिहिलंयस, नवऱ्याचं रबाळे एमआयडीसीतलं कॉन्ट्रॅक्टचं काम आठ महिन्यांपूर्वी सुटलं, सासूबाईंच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड घासलं ते आता 85 हजारांवर गेलंय, त्याचे हप्ते भरायला फोनवरच्या दोन अ‍ॅपमधून 40 हजार उचललेस आणि ह्या अ‍ॅपचं नवऱ्यालाही माहीत नाही. त्यात प्रार्थनासभेत एक बाई म्हणाल्या कर्ज म्हणजे पाप, विश्वास असता तर ही वेळच आली नसती, दुसऱ्या म्हणाल्या दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चुकवू नको, देव दुपटीने देईल, म्हणून तू कार्डावरून कॅश काढून दशांश दिलास. आता तीन रविवार झाले, उपासनेला गेली नाहीस.

पापाचं आधी बोलते कारण तेच तुला आतून खातंय. त्या बाईंनी बायबलातलं रोमकरांस पत्र, 13:8 दाखवलं असणार, कोणाच्या ऋणात राहू नका. पण त्याच्या आधीचं वचन वाच ना, ज्याचं जे देणं लागतं ते त्याला द्या, कर असेल तर कर, मान असेल तर मान. ते पत्र लिहिणारा पौल देणं बुडवू नका म्हणतोय. घेणंच पाप असतं तर येशूने डोंगरावरच्या प्रवचनात उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नका असं कशाला सांगितलं असतं? नीतिसूत्रात ऋणको धनकोचा दास होतो असं आहे, ते खरंच आहे, फोन वाजला की तुझ्या पोटात गोळा येतो ते दासपणच आहे. पण दास झालेल्या माणसाला शास्त्र पापी म्हणत नाही गं.

उलट शास्त्र जास्त कडक बोलतं ते देणाऱ्याशी. गरिबाकडून व्याज घेऊ नको, गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत दे कारण तो रात्री काय पांघरेल, आणि बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 24 व्या अध्यायात तर असं आहे की गहाण आणायला कर्जदाराच्या घरात शिरायचंच नाही, बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. मला हे वाचलं की दरवेळी भरून येतं. घरात शिरायचं नाही! आणि तुला रात्री दहा वाजता फोन करून शिव्या देतात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, आणि अ‍ॅपला तुझ्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावता येत नाही. नातेवाइकांना मेसेज करू म्हणतात ना, ती धमकी आहे, स्क्रीनशॉट काढून ठेव आणि पोलिस स्टेशनला जा.

आता दशांश. हे मी अगदी ठामपणे सांगते, दशांश उत्पन्नाचा असतो, शेतात जे पिकलं त्याचा. कर्जाचा दशांश कुठल्या पुस्तकात नाही. कार्डावरून कॅश काढली की पहिल्या दिवसापासून व्याज चालू, वर चार्ज वेगळा. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलंय असं सांगून टाळणाऱ्यांना येशूने चांगलंच झापलं होतं. तू सासूबाईंचं ऑपरेशन केलंस, ते त्याने बघितलंय. सध्या जमेल तेवढं टाक, दहा रुपये टाक, पण उधारीचं टाकू नको, आणि पैसे टाक कर्ज माफ होईल असं जो कोणी सांगेल त्याच्याकडे तर जाऊच नको.

बायबलातल्या 2 राजे ह्या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायातली ती विधवा आठवते? सावकार तिची दोन पोरं गुलाम करून न्यायला आलेला. आपण नेहमी तेल वाढलं तेवढंच सांगतो. पण अलीशा संदेष्टा तिला आधी विचारतो, घरात काय आहे? मग म्हणतो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नको. म्हणजे बिचारीला दारोदार जावं लागलं असणार, गल्लीत सगळ्यांना कळलं असणार. आणि तेल विकल्यावर पहिलं काम काय, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि पोरं जगा.

आम्ही वर्तकनगरला राहायचो तेव्हा मी मंगळसूत्र गहाण टाकलेलं, ह्यांना न सांगता. पावती गीतांच्या पुस्तकात लपवायची. एका रविवारी गाणं काढताना ती खाली पडली, गुलाबी कागद, बाकाखाली गेला. महिला मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी उचलला, घडी घातली, माझ्या मुठीत दिला, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी आल्या आणि दारातच विचारलं, किती? मी आकडा सांगितला आणि रडले, तो आकडा मी तोवर तोंडाने कधी उच्चारलाच नव्हता. त्याच रात्री ह्यांना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसले.

म्हणून तू पण आधी नवऱ्याला सांग. चिडेल, चिडू दे. मग दोघांनी बँकेत जाऊन कार्डाच्या थकबाकीचा ईएमआय करून मागा, कारण महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर 85 हजारांवर जवळजवळ 3 हजार नुसतं व्याज होतं, मिनिमम ड्यू भरून ते फिटायचं नाही. अ‍ॅपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी आहे का बघा. बँकेने किंवा कंपनीने लेखी तक्रारीवर तीस दिवस काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 14448 ला फोन करून विचार. नवीन अ‍ॅप एकही नको. पाळक साहेबांनाही सांग, मंडळीत एखादा बँकेतून रिटायर झालेला काका असतोच, तो कागद बघून देईल.

आणि ह्या रविवारी उपासनेला जा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत ऋणंच म्हणतो ना, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड, ते सगळ्यांबरोबर म्हण. त्या दोघी असतील तर असू देत, मागच्या बाकावर बस.

नवऱ्याला सांगितलंस की मला दोन ओळी लिही. आकडा पण लिही, पूर्ण.

तुझी मावशी, ठाणे