दोन व्हर्च्युअल स्क्वाड्रन एकत्र करून कॅरियर ऑपरेशन करता येतील का?

प्रश्न असा आहे: कोल्हापुरातला तुमचा डीसीएस या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये हॉर्नेट हे लढाऊ विमान उडवणारा गट आणि सांगलीचा टॉमकॅट या दुसऱ्या लढाऊ विमानाचा गट, दोन्हीकडं माणसं कमी पडतायत, तर मिळून एकच स्क्वाड्रन करावी का?

करू नका. एअर विंग करा.

पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांना एकाच नावानं मैदानात उतरा म्हणून सांगून बघा, म्हणजे मी नको का म्हणतोय ते कळेल. अमेरिकन कॅरियरवर, म्हणजे विमानवाहू जहाजावर तरी एकच स्क्वाड्रन कुठं असते? अनेक स्क्वाड्रन मिळून विंग होते आणि तिचा प्रमुख तो कॅग. प्रत्येकीचं नाव, चिन्ह वेगळं. विमानांचे नंबरही वाटलेले, एकीचे १०० च्या घरातले, दुसरीचे २०० च्या.

लाँच, म्हणजे जहाजावरनं उड्डाण, आपापल्या सवयीनं केलं तरी फार बिघडत नाही. गोंधळ होतो तो परत येताना. दिवसा, स्वच्छ हवेत केस वन ही उतरायची पद्धत असते आणि रेडिओ जवळपास गप्प. २००० फुटांपासून वर, हजार-हजार फुटांच्या अंतरानं सगळे जहाजाभोवती डावीकडं घिरट्या घालतात. मग ८०० फुटांवर ब्रेक, म्हणजे झटकन वळण, ६०० वर डाउनविंड, म्हणजे जहाजाच्या उलट दिशेनं जाणं, आणि शेवटच्या सरळ टप्प्यात १५ ते १८ सेकंद. यात समोरचा काय करणार हे न बोलता ओळखावं लागतं. कालपरवा ओळख झालेल्या माणसांना ते जमत नाही.

म्हणून सुरुवात केस थ्री या पद्धतीनं करा, तीही भर दिवसा. ऐकायला उलटं वाटेल, कारण ही पद्धत रात्रीची आणि खराब हवेची, आणि अवघड म्हणून बदनाम. पण तिच्यात प्रत्येकाला स्वतःची उंची आणि निघायची वेळ मिळते. हिशेब सोपा आहे: हजारांतल्या उंचीत १५ मिळवले की जहाजापासूनचे मैल येतात. ६००० फुटांवरचा २१ मैलांवर घिरट्या घालत थांबतो, ७००० वरचा २२ वर, आणि एकेका मिनिटानं निघतात. पावसाळ्यात आपल्याकडं ऐन वेळी लाईट जाते. ज्याची गेली त्याचं मिनिट रिकामं सोडायचं, मागच्यानं पुढं सरकायचं नाही.

एलएसओ, म्हणजे उतरणाऱ्याला डेकवरनं सूचना आणि गुण देणारे, दोन्ही गटांतून घ्या. हॉर्नेटवाल्याला टॉमकॅट उतरताना कसं वागतं याचा अंदाज नसतो, आणि परक्यानं 'नो ग्रेड' दिला की राग येतो तो येतोच! त्यामुळं गुणांचा तक्ता सगळ्यांचा एकच ठेवा. 'ओके'ला ४, 'फेअर'ला ३, बोल्टरला, म्हणजे हुक तारेत न अडकता परत उडावं लागलं तर, २.५, 'नो ग्रेड'ला २.

पहिले काही रविवार मिशन नको, बॉम्ब नकोत, नुसतं उतरा. सुपरकॅरियर मॉड्यूल, म्हणजे कॅरियरसाठीचा गेमचा जास्तीचा भाग, सगळ्यांकडं आहे का, तेही आधी विचारून घ्या. आणि कॅग कोण यावरनं वाजणार असेल, तर दर महिन्याला बदला.