उत्तर: बेटावर इंटर्नशिप आणि "वरून परवानगी आणा"

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. घारापुरी बेटाची (एलिफंटा लेण्यांचं बेट) ग्रामपंचायत आणि एक संस्था यांच्याबरोबर कचऱ्यावर काम, १२० तास, चार क्रेडिट, सरपंच हो म्हणतायत, संस्थेकडे पैसे आहेत, फक्त कचरा वेगळा करायच्या शेडसाठी "वरून परवानगी आणा" आणि कॉलेज म्हणतं तुमचं तुम्ही बघा. अगं हे सगळं माझंच आहे, फक्त आमच्या वेळी क्रेडिटबिडिट नव्हतं, नुसतं फील्डवर्क म्हणायचो. (अगं-तुगं करतेय, चालेल ना?)

कॉलेजचं पत्र, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, रिपोर्टचा फॉरमॅट हे तू बघितलंच असशील, त्यात जात नाही. माझं सरळ मत आधीच सांगून टाकते, शेड विसर. १२० तासांच्या इंटर्नशिपमध्ये त्या बेटावर जमिनीत काहीही रोवायचं नाही, शेड नाही, कंपोस्टचा खड्डा नाही, "येथे कचरा टाकू नये"चा लोखंडी बोर्डसुद्धा नाही.

कारण तिथे पायाखालची जमीन कोणाची हे विचारलं की चार माणसं चार दिशांना बोट दाखवतात. लेणी पुरातत्व खात्याची, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत. डोंगरावर वनखातं. किनारा नि जेट्टी म्हटलं की पोर्टवाले. मध्ये राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या आणि त्यांची ग्रामपंचायत, जी उरण तालुक्यात, म्हणजे जिल्हा रायगड, जरी निम्म्या पर्यटकांना वाटत असतं की आपण अजून मुंबईतच आहोत. त्यात संरक्षित स्मारकाचा कायदा, २०१० च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच आहे, स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी घेऊनच. वर समुद्रकिनारा म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम, आहेतच. मी वकील नाही, तुझी जागा नेमकी कुठल्या पट्ट्यात येते ते नकाशा बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही, पण मला सांग, चार महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये हे सगळं कोण निस्तरणार आहे?

आता माझं काय झालं ते. एक कार्यालय होतं. नाव घेणार नाही, तालुक्याचं की जिल्ह्याचं की मुंबईतलं तेही नाही, आणि वर लिहिलेल्या खात्यांपैकीच असेल असंही समजू नका, कमेंटमध्ये अंदाज लावत बसू नका प्लीज. ग्रामपंचायतीचा ठराव होता, संस्थेचं पत्र होतं, हाताने काढलेला का होईना नकाशा होता, आणि पोचसुद्धा घेतलेली, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. म्हणजे कागदाच्या बाजूने आमचं काही कमी नव्हतं. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. मग साहेब आहेत पण फाईल "टेबलावर" आहे. कुठल्या टेबलावर? तर ते टेबल दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई अतिशय गोड, चहा पाजला, आणि म्हणाल्या पुरवणी म्हणून जागेचे फोटो आणा. आणले. मग म्हणाल्या फोटोवर ग्रामसेवकांची सही हवी. तीही आणली, आणि एका सहीसाठी लाँच, रिक्षा, परत लाँच म्हणजे आख्खा दिवस जातो हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. संस्थेचा पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीच्या निधीचा), ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा. मार्च संपला, पैसा दुसरीकडे वळला, आणि त्यानंतर, त्यानंतर बरं का, दोन ओळींचं उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

अखत्यारीत येत नाही! मग फोटो कशाला मागितले होते? चहा कशाला पाजला? हे पहिल्या दिवशी खिडकीत सांगितलं असतं तर आम्ही बरोबर दार तरी शोधलं असतं. माझी सबमिशन कशीबशी झाली, गाईड मॅडम चांगल्या होत्या म्हणून, पण बचत गटाच्या ज्या बायकांनी दुपारचा धंदा सोडून प्रशिक्षणाला हजेरी लावली होती त्यांना काय सांगणार? पुढच्या वर्षीची मुलं गेली तर त्या नीट बोलायलाच तयार नव्हत्या म्हणे, आणि त्या बायकांचं काय चुकलं? असो. अजून राग जात नाही, त्यामुळे वरचं सगळं अगदी जसंच्या तसं घेऊ नका.

यातून निघालेला सल्ला एवढाच की पहिल्या पत्रात परवानगी मागूच नये. पहिलं पत्र एका प्रश्नाचं असावं, अमुक सर्व्हे नंबरची ही जागा आपल्या ताब्यात आहे काय, नसल्यास कोणाच्या. बरोबर सातबारा जोडायचा. परवानगी मागितली की फाईल तयार होते, नुसता प्रश्न विचारला की निदान हो-नाही येतं. आणि हे पत्र तू नाही लिहायचंस, ग्रामपंचायतीने जावक क्रमांक टाकून पाठवायचं, तू ड्राफ्ट करून दे. राज्य सरकारचं कार्यालय असेल तर दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहे, एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, निदान कागदावर तरी. केंद्राच्या कार्यालयांना तो लागू नाही, तिथे माहिती अधिकार. त्यातलं कलम ६(३) कामाचं, चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, "अखत्यारीत येत नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. पण कृपा करून आरटीआय स्वतःच्या नावाने टाकू नकोस, संस्थेतल्या कोणालातरी टाकू दे. तू निघून जाशील, ग्रामपंचायतीला त्याच लोकांशी पुढची वीस वर्षं वागायचंय. इथले काही सदस्य यावर भांडतील, भांडा.

मग शेड नाही तर करायचं काय? भरपूर आहे गं. आधी कचरा मोज. रविवारी जेट्टीवर किती पोती बाटल्या निघतात आणि बुधवारी किती, हा साधा आकडा कोणाकडे आहे का ते विचार, बहुतेक नसेलच. माकडं डबे उलटे करतात तर झाकण कुठलं टिकतं ते बघ (हसू नकोस, तिथे हा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे). बाटल्या बेटाबाहेर कोण नेणार, लाँचवाला पोत्यामागे किती घेईल, पलीकडचा भंगारवाला किलोला काय देईल, ही साखळी जुळवून दिलीस तर शेडपेक्षा जास्त काम झालं. याला कोणाची जमीन लागत नाही. पैशाचं म्हणशील तर १५ व्या वित्त आयोगात, म्हणजे ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या २०२१-२६ च्या निधीत, ६० टक्के रक्कम बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायची) होती, निम्मी स्वच्छतेला नि निम्मी पाण्याला. पुढच्या आयोगाचं काय ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचार (ग्रामसेवकांचं पदनाम आता हेच आहे, पत्रावर जुनं घालू नकोस). कचरा वाहतूक विकास आराखड्यात घालायला लावायची आणि ग्रामसभेत ठराव घ्यायचा. कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी ते, धंद्याच्या दिवशी तेवढे लोक जमवणं काय असतं ते तुला कळेलच.

त्यावरून आठवलं, सोमवार. सोमवारी लेणी बंद, गेटवेहून पर्यटकांच्या लाँच नाहीत, म्हणून सगळे इंटर्न सोमवारची सुट्टी धरतात. उलट कर. स्टॉल बंद म्हणजे माणसं घरी असतात, सर्व्हे, मीटिंग, बचत गट सगळं त्याच दिवशी होतं. फक्त उरण-न्हावा बाजूने गावकऱ्यांच्या बोटीची सोय आधी लावून ठेव. आणि मोरा वेगळं, मोराबंदर वेगळं, एक उरणला आणि एक बेटावर. भाऊच्या धक्क्यावरून जाणारी लाँच मोऱ्याला नेते. माझ्याबरोबरचा एक मुलगा तिथे उतरून बेटावरची ग्रामपंचायत शोधत होता. मोऱ्याला गाळ फार, मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, तेव्हा भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेव. पावसाळ्यात तर कुठल्याच वेळेवर विसंबू नकोस. १८ डिसेंबर २०२४ च्या नीलकमल बोटीच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, कोणी म्हणेल राहू दे गं अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, तरी घालायचंच. राहायचं झालं तर पर्यटकांना रात्री थांबता येत नाही, त्यामुळे तू इंटर्न आहेस आणि कोणाच्या घरी आहेस हे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लिहून घे. २०१८ ला समुद्राखालून केबल येऊन वीज आली, त्याआधी संध्याकाळी थोडे तास जनरेटर असायचा, म्हणजे तुला लॅपटॉप चार्जिंगचं तरी टेन्शन नाही.

कोणीतरी खाली लिहिलंय की मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून दहा हजार मिळतील. नाही मिळणार, शिक्षण चालू असलेल्यांना ती योजना नाही, पदवी हातात आल्यावर बघ. आणि ग्रामपंचायतीत पहिले काही दिवस नमुना ८ ची (घरपट्टीच्या नोंदवहीची) यादी टाइप करायला बसवतील, बस, नाक मुरडू नकोस, कुठलं घर कोणाच्या नावावर आहे ते तिथेच कळतं. पण दुसऱ्याच्या लॉगिनवर किंवा डिजिटल सहीवर ई-ग्रामस्वराजची (ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलची) एंट्री अजिबात करायची नाही, कितीही प्रेमाने सांगितलं तरी. उद्या ऑडिटला प्रश्न आला तर "ती इंटर्न होती ना" हे वाक्य तयारच असतं.

गोव्याच्या ज्या ताईने तिकडे असं काम कुठे करता येईल ते विचारलंय, तिने दिवाडी किंवा चोडण बेट बघावं, रायबंदरहून चोडणची फेरीबोट आहे, रोज घरून ये-जा होते. तिथल्या कार्यालयांचा मला अनुभव नाही, कोणी तिकडचं असेल तर लिहा.

तू आता एवढंच सांग की कॉलेजच्या पत्रात विषय "शेड उभारणे" असा छापून गेलाय की अजून बदलता येतोय. गेला असेल तर तो "कचरा व्यवस्थापनाचा अभ्यास व आराखडा" असा दुरुस्त करून घे, गाईडच्या सहीने होतं, विभागप्रमुखांपर्यंत जावं लागत नाही, आमच्याकडे तरी नव्हतं. आणि जागेबद्दल विचारायच्या त्या एका प्रश्नाच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर मेसेज कर.