पुनर्जन्म पटायला लागलाय, माझं काही बिघडलंय का?

"मॅडम, आयुष्यभर मी हे थोतांड म्हणत आलो. आणि आता मरणाचा विचार करता करता मलाच पुनर्जन्म पटायला लागलाय. वयाचा परिणाम असेल का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी साठीच्या आसपासची माणसं हे इतक्यांदा विचारतात, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. मरणाच्या भीतीपेक्षा या विश्वासाची लाजच त्यांना जास्त छळते. मुलं हसतील, मित्र म्हणतील, शेवटी घाबरला.

अशाच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पक्के विज्ञानवादी, आईचं दहावं-तेरावंही न केलेले. अँजिओप्लास्टी झाली आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर पुनर्जन्माचे व्हिडिओ सुरू झाले. माझ्याकडे आले ते फाइल घेऊनच. १९२६ साली दिल्लीत जन्मलेली, मथुरेतला मागचा जन्म सांगणारी शांतीदेवी. अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. इयान स्टीव्हन्सन, सगळं लाल शाईने अधोरेखित.

"यात खोट काढून दाखवा," म्हणाले.

खोट दाखवणं अवघड नव्हतं. अशा बऱ्याच घटनांच्या नोंदी मुलाचं कुटुंब आणि मागच्या जन्मातलं म्हणून सांगितलेलं कुटुंब यांची गाठ पडल्यानंतरच्या आहेत; मूल आधी काय बोललं आणि घरच्यांनी मागाहून काय जोडलं, हे मग वेगळं काढता येत नाही. तेवढं मी सांगितलंही. पण वाद जिंकून त्यांची झोप परत येणार नव्हती. आमच्या क्षेत्रातले बरेच जण इथेच अडकतात, श्रद्धेची तपासणी करत बसतात. मी ती वाट कधीच सोडली.

पुढे एका भेटीत विचारलं, "समजा, आहे पुनर्जन्म. कुठे जन्माला यायला आवडेल?"

"कुठे म्हणजे? याच घरात. हेच आईवडील, हाच भाऊ."

"पुन्हा थोरले म्हणून?"

फाइलीच्या नाडीशी चाळा करणारा हात थांबला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. या खेपेला धाकटा."

वडील गेले तेव्हा ते मॅट्रिकला होते. मग बहिणींची लग्नं, भावाची फी, घराचे हप्ते. 'तुला काय हवंय रे?' असं विचारणारं कुणी उरलंच नाही. बोलता बोलता रडले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. समोरच्याचं रडू थांबवायची आपल्याकडे फार घाई असते.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायचे. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः निरीश्वरवादी. पण उत्तरायुष्यात त्यांनीही मान्य केलं, की त्रास होतो तो श्रद्धेतल्या हट्टाचा. 'पुनर्जन्म असेल, असावा' म्हणणारा निवांत झोपतो. 'असलाच पाहिजे, नाहीतर हा जन्म फुकट गेला' म्हणणारा रात्री दोनपर्यंत पुरावे शोधतो. आमच्या गृहस्थांना हवं होतं धाकटेपण, आणि या जन्मात त्याची मुदत संपली असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

वीजबिल, बँक, वारसनोंदीची कागदपत्रं त्यांनी मुलाकडे सोपवली. भावाला फोन केला, "पुढच्या तपासणीला मला तू घेऊन जा." भाऊ रजा टाकून आला. पुनर्जन्म ते अजूनही मानतात, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही.

तुम्हालाही हा विश्वास वाटू लागला असेल, तर पुरावे नंतर बघा; आधी पुढच्या जन्मी नेमकं काय वेगळं हवंय ते कागदावर लिहा. उत्तर बहुधा अगदी घरगुती निघतं, आणि त्यातलं थोडंफार आजही जमण्यासारखं असतं. घरात बाळ जन्मलं आणि 'आजोबाच आले' असं वाटलं, तर नाव ठेवा, लाड करा, पण आजोबांची राहिलेली स्वप्नं त्याच्या गळ्यात घालू नका. आणि 'हा जन्म पुरे, आता पुढच्यात बघू' असं मनात यायला लागलं, तर तो श्रद्धेचा प्रश्न समजून गप्प बसू नका. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.