वृद्धाश्रमात आईला रोज चौदा गोळ्या देतात. हे बरोबर आहे का? कमी करता येतील का?

चौदा ऐकून मला तरी धक्का बसला नाही. रोजची औषधं पाच किंवा जास्त झाली की त्याला पॉलिफार्मसी म्हणतात. ठाण्याच्या वृद्धाश्रमांत पाचाच्या आत राहिलेले आजी-आजोबा मला अजून भेटायचेत.

मी डॉक्टर नाही. नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहण्यात जन्म गेला. त्यावरूनच आमच्या चुलतभावाने "तू गोळ्या विक फक्त" म्हणून मला गप्प केलं होतं.

त्याचे वडील, म्हणजे माझे काका, घोडबंदर रोडच्या एका वृद्धाश्रमात होते. हा बंगळुरूला. पैसे वेळेवर पाठवायचा, ते नाकारत नाही. पण दर फेरीला नवा स्पेशालिस्ट! हृदयाचा वेगळा, शुगरचा वेगळा, हाडांचा वेगळा. एकाचा कागद दुसऱ्याने बघितला असेल तर शपथ. काका घास तोंडात तसाच ठेवून डुलक्या घ्यायला लागले, मग बाथरूममध्ये पडले. भाऊ म्हणे, वय झालंय, चालायचंच.

मी आश्रमातल्या कामवाल्या मावशींकडून गोळ्यांचा डबा मागवला. पट्ट्या कात्रीने अशा कापलेल्या की एका तुकड्यावर अर्धं नाव, एक्स्पायरी कुठेच नाही. तरी पाठीमागचं बारीक छापील वाचत बसलो. बीपीच्या एका गोळीत टेल्मिसार्टनसोबत अॅम्लोडिपिन होतं आणि वेगळ्या नावाच्या दुसऱ्या गोळीत पुन्हा अॅम्लोडिपिनच. दोन डॉक्टर, दोन कंपन्या, औषध तेच. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच. सुजेवर कोणीतरी फ्युरोसेमाइड दिलं. त्याने रात्री लघवीला उठबस, झोपेचं खोबरं, म्हणून क्लोनाझेपाम. त्या गुंगीत बाथरूमला गेले आणि आपटले. मार लागला म्हणून डायक्लोफेनॅक, जे बीपी वाढवतं आणि म्हाताऱ्या किडनीला झेपत नाही. त्याने पित्त होऊ नये म्हणून पँटोप्राझोल. मोजा आता, मूळ आजार किती आणि गोळ्यांनी आणलेल्या गोळ्या किती!

व्हिडिओ कॉलवर भाऊ म्हणाला, "एवढ्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?" नाही कळत. पण चौघांचे कागद शेजारी ठेवून वाचायला एमडी लागत नाही. शेवटी पाचपाखाडीतल्या एका फिजिशियनने सगळं एकत्र पाहून एकेक औषध हळूहळू कमी केलं. सूज उतरली, काका पेपर वाचायला लागले. भाऊ म्हणतो, घोडबंदरची हवा मानवली.

तुमचं म्हणाल तर सगळ्या पट्ट्या न कापता पिशवीत भरा. चूर्णं आणि डोळ्यांचे थेंबही घ्या, कारण काचबिंदूच्या टिमोलॉलने नाडी मंदावते. एकाच फिजिशियनला दाखवा आणि प्रत्येक गोळीमागे विचारा: कशासाठी, कोणी, कधीपर्यंत. हॉस्पिटलमधून सुटताना लिहिलेलं पँटोप्राझोल लोक वर्षानुवर्षं घेतात. रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनी कळते), सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही मोजायला सांगा. म्हातारपणी शक्यतो टाळायच्या औषधांची 'बीअर्स' यादी १९९१ पासून आहे, २०२३ मध्ये सुधारली. क्लोनाझेपाम, सर्दीचं क्लोरफेनिरामिन आणि शुगर एकदम खाली नेणारं ग्लिबेनक्लामाइड तिच्यात आहेत.

हां, हे वाचून स्वतःच काही बंद करू नका. क्लोनाझेपाम, बीपी-हृदयाचं मेटोप्रोलॉल, स्टेरॉइड, फिटची औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेततं. आणि हार्ट, शुगर, थायरॉइड सगळंच असेल तर सात-आठ गोळ्या खरोखर लागतातही.

परगावी भाऊ असेल तर पैसे खुशाल घ्या. नवा स्पेशालिस्ट मात्र त्याला ठरवू देऊ नका. ठरवलाच, तर औषधांची यादी घेऊन त्याने स्वतः रजा टाकून सोबत जावं.