ऑनलाइन अंतराळ गेममध्ये कोणी मुद्दाम जहाज आदळत असेल, तर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. एलिट डेंजरस या ऑनलाइन अंतराळ गेममध्ये माल भरून स्टेशनाबाहेर पडताना एक अनोळखी खेळाडू आपले लहानसे जहाज मुद्दाम तुमच्या जहाजासमोर आणतो, धडकेत त्याचे जहाज फुटते, आणि स्टेशनाच्या तोफा तुम्हालाच खुनी ठरवून उडवतात. असे एकाहून अधिक वेळा घडल्यामुळे तुम्ही चोपड्याहून आणि तुमचे मित्र धुळ्याहून, असे दोघांनी मिळून त्याचा पिच्छा पुरवावा, कंपनीकडे तक्रार करावी, की गेमच सोडून द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मी भुसावळला राहतो, आणि जळगाव, शिरपूर, अमळनेर इथल्या काही खेळाडूंबरोबर गेली काही वर्षे अशा प्रकारचे गेम खेळत आलो आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की पिच्छा पुरवू नये, तक्रार करावी पण कशाची हे ठरवून करावी, आणि गेम सोडण्याचे काहीही कारण नाही.

धडक मारणारे खेळाडू बंदूक सोडून जहाजाच्या सांगाड्याचे हत्यार का करतात, हे आधी लक्षात घ्यावे लागते. बहुतेक अंतराळ गेममध्ये काही टापू सुरक्षित ठरवलेले असतात आणि तिथे गोळी झाडणाऱ्याला तत्काळ शिक्षा होते. गोळी कोणी झाडली हे सर्व्हरला नेमके कळते. दोन जहाजे एकमेकांवर आदळली तर दोष कोणाचा, हे मात्र यंत्राला ठरवता येत नाही. शस्त्रबंदी जितकी कडक, तितकी धडकेची पळवाट आकर्षक होते. म्हणून प्रत्येक गेममध्ये पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की इथे धडकेचा दोष कोणत्या नियमाने ठरतो.

एलिट डेंजरस हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात स्टेशनाभोवतीच्या गोळीबारबंदीच्या टापूत वेगमर्यादा आहे, आणि ती सेकंदाला १०० मीटर इतकी आहे. त्याहून जास्त वेगात असताना तुम्ही दुसऱ्या जहाजाला धडकलात, तर दंड होतो. त्या धडकेत समोरचे जहाज नष्ट झाले, तर गुन्हा खुनाचा धरला जातो आणि स्टेशन तुमच्यावर उलटते. हा नियम मुळात धडक मारणाऱ्यांना आवरण्यासाठी होता, पण त्यात वेग पाहिला जातो, हेतू पाहिला जात नाही. परिणामी साइडवाइंडर हे फुकट मिळणारे लहानसे जहाज घेऊन, शील्ड म्हणजे जहाजाभोवतीचे संरक्षक कवच बंद करून, घाईत निघालेल्या मोठ्या मालवाहू जहाजासमोर जाऊन स्वतःच मरायचे, हा काही जणांचा खेळ झाला. आपल्याकडे रावेर-सावद्याच्या रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकपुढे कोणी मोटारसायकल घातली, तरी जमाव आधी ट्रकवाल्याचीच कॉलर धरतो. स्टेशनाचा न्याय अगदी त्याच जातीचा आहे. मरणाऱ्याचे नुकसान शून्य असते, तुम्हाला मात्र जहाजाच्या किमतीच्या पाच टक्के भरून ते परत घ्यावे लागते आणि आतला माल तर पूर्णच जातो.

यावरचा मुख्य उपाय त्याच नियमात आहे. गोळीबारबंदीच्या टापूतून पूर्णपणे बाहेर पडेपर्यंत वेग १०० च्या खाली ठेवावा. मग समोरचा कितीही वेळा येऊन आदळला, तरी दोष तुमच्याकडे येत नाही. हळू जाण्यात धडका खाण्याचा काळ वाढतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच शील्ड काढून त्या जागी आणखी एक कार्गो रॅक, म्हणजे माल ठेवायचा कप्पा, बसवण्याची व्यापारी खेळाडूंची सवय मला शहाणपणाची वाटत नाही. चार खेपांत मिळवलेला जादा नफा एका धडकेत जातो. येता-जाता दाराच्या हिरव्या दिव्यांची बाजू धरावी, म्हणजे आत शिरताना उजवीकडून जावे. निदान समोरासमोरच्या निरपराध धडका तरी टळतात.

निरपराध धडका पुष्कळ असतात, हे इथे जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागातून खेळणाऱ्यांच्या वाट्याला त्या जास्त येतात. तुमच्या पडद्यावर समोरचे जहाज जिथे दिसते, तिथे ते त्या क्षणी नसते. माहिती पोहोचायला वेळ लागतो आणि मधली पोकळी संगणक अंदाजाने भरतो. चित्र १५० मिलिसेकंद मागे असेल आणि समोरचा सेकंदाला २०० मीटर वेगाने येत असेल, तर तो दिसतो त्याहून ३० मीटर पुढे आलेला असतो. साइडवाइंडरची लांबी १५ मीटरच्या आतबाहेर आहे, म्हणजे फरक दोन जहाजांएवढा झाला. तुम्हाला तो सरळ अंगावर आला असे दिसते, आणि त्याच्या पडद्यावर तो तुमच्या शेजारून नीट निघालेला असतो. एलिटमध्ये तर खेळाडूंचे संगणक एकमेकांशी थेट जोडले जातात, त्यामुळे दोघांपैकी एकाचे इंटरनेट अडखळत असले, तरी दोघांनाही त्रास होतो. आमच्या गटात म्हणूनच पहिली धडक नेहमी अपघात धरली जाते, आणि व्हॉइसवर कोणी तरी ‘भो, बाजूले सरक’ एवढे म्हटले की बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. अनोळखी माणसालाही एक साधा संदेश पाठवून पाहावा. अपघात असेल तर तो बहुधा उत्तर देतो. मुद्दाम असेल तर तो परत येतो, आणि मग तुम्हाला शंका उरत नाही.

आता पिच्छा पुरवण्याविषयी. एलिटमध्ये २०१८ पासून नोटोरायटी नावाची कुप्रसिद्धीची मोजणी आहे. ज्याच्या डोक्यावर इनाम नाही अशा खेळाडूला मारले, की तुमचा आकडा वाढतो. तो १० पर्यंत जातो, प्रत्यक्ष खेळण्याच्या दोन-दोन तासांनी एकेक उतरतो, आणि तो शून्यावर येईपर्यंत तुम्हाला तुमचे इनाम फेडताही येत नाही. तुमचा शत्रू तर प्रत्येक वेळी ‘बळी’ म्हणून मेलेला आहे, म्हणजे कागदोपत्री तो स्वच्छ आहे. त्याला शोधून मारलेत, तर त्याला पुन्हा फुकटचे जहाज मिळेल आणि दप्तरी गुन्हेगार तुम्ही दोघे व्हाल. शिवाय त्याला नेमके हेच हवे असते, असे मला वाटते; ज्याला कोणी पाठलाग करायला उरत नाही, तो कंटाळून दुसरीकडे जातो.

इतर गेममध्ये हाच प्रश्न वेगळा होतो, आणि तुमचे मित्र ईव्ह ऑनलाइनही खेळतात असे तुम्ही लिहिले आहे म्हणून त्याविषयी लिहितो. २००३ पासून चालणाऱ्या या गेममध्ये धडकेने कसलेही नुकसान होत नाही, तरीही धडक हे तिथले नावाजलेले हत्यार आहे. वार्पमध्ये, म्हणजे दूरच्या ठिकाणी नेणाऱ्या अतिवेगवान प्रवासात, जाण्यासाठी जहाज ठरलेल्या दिशेला वळून कमाल वेगाच्या ७५ टक्क्यांवर पोहोचावे लागते. जड मालवाहू जहाजाला कोणी सतत धक्के देत राहिला, तर ते दिशाच पकडू शकत नाही आणि तेवढ्या वेळात लुटारूंची टोळी येऊन पोहोचते. २०१२ च्या सुमारास तर खाणकाम करणाऱ्या जहाजांना धक्के मारून दूर लोटायचे आणि ‘परवान्या’पोटी एक कोटी इस्क (त्या गेममधले चलन) मागायचे, असा उद्योग एका गटाने मांडला होता. कंपनीने हे धक्के खेळाचा भाग मानले. मात्र बळीने जागा बदलल्यानंतरही त्याच्याच मागे फिरून धक्के देत राहणे, हा छळ ठरू शकतो, असेही सांगितले. पुढे एक सुधारणाही झाली, तिच्यामुळे कोणी वार्प रोखणारे यंत्र लावलेले नसेल, तर तीन मिनिटांनंतर जहाज धक्के खात असतानाही वार्पमध्ये जाते. आमचे खेळाडू जड जहाज नेताना एका साथीदाराला वेग कमी करणारे ‘वेब’ घेऊन बरोबर ठेवतात. वेग कमी करून लवकर पळता येते, हे नवख्याला पटत नाही, पण कमाल वेगच खाली आला की त्याचे ७५ टक्के क्षणात गाठले जातात.

स्टार सिटिझनमध्ये शस्त्रबंदीच्या टापूत बंदुका चालत नाहीत, पण सांगाडा चालतो, त्यामुळे उड्डाणतळावर उभ्या असलेल्या जहाजावर कोणी वरून येऊन आदळण्याचा प्रकार तिथे घडतो. उपाय फारसा नाही. जहाज मागवल्यावर गप्पा मारत तळावर उभे राहू नये, आणि कोणी तुम्हाला मारल्यानंतर गुन्हा नोंदवायचा का असे गेम विचारतो तेव्हा होय म्हणावे. स्पेस इंजिनिअर्समध्ये सर्व्हर आपलाच असू शकतो, म्हणून तिथे प्रश्न सोपा आहे. सेफ झोन लावता येतो, आणि आम्ही आमच्या छोट्या सर्व्हरवर एकच नियम ठेवला आहे, की ज्याचे जहाज आदळले त्याने समोरच्याचे मोडलेले स्वतःच्या मालाने भरून द्यावे, हेतू कोणताही असो. हेतूवर वाद घालत बसण्यापेक्षा भरपाई वसूल करणे सोपे जाते.

तक्रार करताना ‘याने मला मारले’ एवढे लिहिल्यास काही होणार नाही, कारण एलिटच्या ओपन मोडमध्ये, म्हणजे सगळ्या खेळाडूंना खुल्या असलेल्या प्रकारात, खेळाडूने खेळाडूला मारणे हे नियमात बसते. तक्रार एकाच व्यक्तीच्या मागे लागून चाललेल्या छळाची करावी: तोच खेळाडू, वेगवेगळी स्टेशने, तारखा, वेळा, त्याने पाठवलेले संदेश. व्हिडिओ असेल तर आदळण्यापूर्वीचा भाग ठेवावा आणि त्यात तुमचा वेग दिसू द्यावा. शिवीगाळ असेल तर ती स्वतंत्र तक्रार म्हणून द्यावी. तिचा निकाल लावणे कंपनीला सोपे असते. त्याला ब्लॉकही करावे. ब्लॉक केल्याने तो आणि तुम्ही एकाच जागी जोडले जाण्याची शक्यता कमी होते, पूर्णपणे संपत नाही.

आणखी एक गोष्ट टाळावी. हल्ला झाला की नेटची वायर उपटणे हे एलिटमध्ये नियमबाह्य आहे; मेनूतून बाहेर पडणे चालते, पण धोक्यात असताना त्याला १५ सेकंद थांबावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात वीज ऐन वेळी जाते आणि समोरच्याला ती वायर उपटल्यासारखीच दिसते, तेव्हा राउटरला लहानसा इन्व्हर्टर जोडून घेतलेला बरा.

सध्यापुरते म्हणाल, तर मोठ्या किमतीचा माल सोलो (एकट्याने खेळायच्या) किंवा प्रायव्हेट ग्रुप (निवडक खेळाडूंच्या) मोडमध्ये न्यावा. तिन्ही मोडमध्ये कमांडर, म्हणजे गेममधले तुमचे पात्र, तोच, जहाज तेच आणि पैसेही तेच राहतात, त्यामुळे यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही, जरी ओपनमधले काही जुने खेळाडू नाक मुरडतात. ओपनमध्येच जायचे असेल, तर धुळ्याच्या मित्रांना टीममध्ये घेऊन आधी बाहेर पाठवावे, दारापुढे कोण घुटमळते आहे ते त्यांना पाहू द्यावे, आणि निघण्यापूर्वीच दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचे लक्ष्य निवडून ठेवावे. मोठे जहाज जवळ असले की सुपरक्रूझचे, म्हणजे त्याच ताऱ्याभोवतीच्या वेगवान प्रवासाचे, चार्जिंग मंदावते, दुसऱ्या ताऱ्याकडच्या उडीचे मंदावत नाही. स्टेशनापासून पुरेसे दूर गेल्यावर ती उडी घेतली, की मागे लागलेल्याला तुम्हाला अडवून धरणे अवघड जाते.